खुर्चीला वळसा

५ जानेवारी १९५८, रविवार

पितांबर आप्पांनी काल जिनिंग प्रेसवाल्यांची डायरी दिली. त्यांच्याकडे चार आल्या होत्या आणि लिहिण्यासारखं त्यांच्या डोक्यात काही साठत नाही, म्हणून एक माझ्या वाट्याला आली. हे वाक्य आप्पांच्या नजरेस पडलं तर माझी नोकरी गेलीच. तेव्हा डायरी वडिलांच्या शिलाई मशीनच्या खणात ठेवणार. त्यांच्यामागे ते मशीन कोणी उघडत नाही.

नोकरी म्हणजे तरी काय! लोणवाड्याच्या हायस्कुलात मी व्यायामशिक्षक. गाव मला ड्रिलमास्तर म्हणतं. तीन वर्षं झाली, अजून कच्चाच आहे. संस्थेचे अध्यक्ष आप्पा. एप्रिलच्या बैठकीत ‘सुपडू नथू शिंपी यांस कायम करावे’ एवढी एक ओळ त्यांनी लिहायची आहे. ती ओळ लिहायला हात धजावा, असं काहीतरी माझ्या हातून व्हायला हवं.

म्हणून यंदा सव्वीस जानेवारीला हुतूतूचे सामने. चिटणीस मी, मैदान आखणारा मी, पंचही मीच. पत्रक नंदुरबारहून छापून आणलं. त्यात एक वाक्य मी स्वतःच्या मनाने घातलं: ‘सामने सर्वांस खुले आहेत. जात, धर्म, श्रीमंती, गरिबी यांचा भेद नाही.’ लिहिताना अंगावर काटा आला होता.

तापीने, म्हणजे माझ्या बायकोने, पत्रक वाचलं. चौथी शिकलेली आहे. म्हणाली, “सर्वांस म्हंजे कोनले?”

“सर्वांस म्हणजे सर्वांस.”

“मंग बरं शे,” म्हणाली. तिच्या ‘बरं शे’चा सूर मला कधीच आवडत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

सात संघांची नावं आली. सहा ठीक आहेत. सातवा म्हणजे ‘सातपुडा संघ, लोणवाडे’.

दुपारी वाहरू आला होता. हा आप्पांचा सालदार, धडगावकडच्या डोंगरातला. सोबत जामसिंग, तो रूपचंद पाटलांचा सालदार. हा जामसिंग दारातून आत येताना दाराने श्वास रोखून धरावा असा. संघातले सातही जण इथलेच सालदार. आखाजी ते आखाजी, म्हणजे एका अक्षय्य तृतीयेपासून दुसरीपर्यंत, बांधलेली माणसं. वर्षाचं धान्य, एक घोंगडी, एक धोतर, एक चामडी जोडा, आणि शिव्या लागतील तितक्या. जोडा आखाजीला मिळतो आणि दिवाळीपर्यंत फाटतो. पुढे दुसरी आखाजी येईस्तोवर अनवाणी.

“मास्तर, कागदवर ‘सर्वांस’ लिखेल शे ना?” वाहरूने विचारलं.

“आहे.”

“मंग आम्ही बी त्यामाच उनूत.”

नाव लिहून घेतलं आणि तडक आप्पांकडे गेलो. वाटलं, ते रागावतील. ते पोट धरून हसले. “खेळू द्या, मास्तर. दिवसभर कापूस येचीसन कंबरडं मोडेल ऱ्हास त्यास्नं. पहिलाच सामनामा लोळतीन. लोकेस्नी करमणूक व्हई जाई.”

आप्पांचं मन मोठं आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.

२५ जानेवारी, शनिवार

ते लोळले नाहीत. दोन सामने जिंकून अंतिम फेरीत आले आहेत.

दिवस मावळता ते तापी नदीच्या वाळूत सराव करतात. मी दोनदा जाऊन नियम समजावून दिले. मैदानात दगड, काटा, गोवरी काही पडलं तर खेळाडूने उचलून बाहेर टाकावं, हेही शिकवलं. वाहरूचा दम ही काही औरच चीज आहे. एका दमात ‘हुतूतू’ म्हणत तो वाळवंट ओलांडून पाण्यापर्यंत जातो आणि परत येतो. आमची पोरं तेवढ्या वेळात तीनदा श्वास घेतात आणि एकदा पाणी मागतात.

आज कोरीटचा संघ त्यांच्याकडून हरला. कोरीटच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सातही जणांना गूळ-शेंगदाणे वाटले. कौतुक वाटलं. अर्थात कोरीटच्या लोकांना टाळ्या वाजवायला काय जातंय? त्यांचे सालदार घरी गोठा साफ करत होते.

शहाद्याहून एक फौजदारसाहेब सामना बघायला आले होते. त्यांनी वाहरूच्या दंडाला हात लावून पाहिला, जसा बैलाला लावतात तसा, पण प्रेमाने. म्हणाले, “मे महिन्यात धुळ्याला पोलिसात भरती आहे. आमच्या साहेबांना हुतूतूचा संघ उभा करायचाय. उद्या जिंक आणि पंचाच्या सहीचं प्रमाणपत्र घेऊन ये. बाकी माझ्यावर सोड.”

साहेब गेल्यावर वाहरूने मला गाठलं. “मास्तर, सही तुमनीच ऱ्हाई ना?”

“माझीच.”

“मंग घोर नही,” म्हणाला. माझ्या सहीवर इतका विश्वास आजवर कोणी टाकला नव्हता. संस्थेने तर नाहीच.

२६ जानेवारी, रविवार

संध्याकाळचे सहा वाजले आहेत. जे पाहिलं ते आजच लिहून ठेवलेलं बरं. उद्यापर्यंत ते मलाच वेगळं वाटू लागेल.

सकाळी झेंडावंदन झालं. प्रमुख पाहुणे म्हणजे तालुक्याहून आलेले निवृत्त रावसाहेब. भाषणात त्यांनी ‘खिलाडूवृत्ती’ हा शब्द अकरा वेळा वापरला. फौजदारसाहेब झेंड्याच्या बंदोबस्ताला शहाद्यालाच अडकले होते, म्हणजे गावात पोलीस कोणी नाही.

मैदान मी पहाटे स्वतः दोरी धरून आखलं होतं. फक्कीची रेषा इतकी सरळ की मलाच माझा अभिमान वाटला. दुपारी आप्पा आले आणि त्यांची खुर्ची ठेवली गेली. पुढचे दोन पाय रेषेच्या हातभर आत. मी हात जोडून पुढे झालो. “आप्पा, खुर्ची जरा...”

“काय?”

“नाही, ऊन लागत नाही ना?”

अंतिम सामना सातपुडा संघ आणि लोणवाडे तरुण मंडळ यांच्यात. मंडळाचा कप्तान चुनीलाल, आप्पांचा मुलगा. पोरगा चांगला खेळतो आणि खोटं खेळत नाही, हे मान्य केलं पाहिजे. चारी बाजूंना मालक मंडळी, त्यांच्यामागे बायका. शेवटची चढाई वाहरूची. मंडळ एका गुणाने पुढे.

वाहरू ‘हुतूतूतूतू’ करत आत शिरला. एकाला कोपऱ्यात शिवला. परत फिरताना चुनीलालने त्याची कंबर धरली. दोघं लोळत लोळत गेले ते थेट आप्पांच्या खुर्चीवर. खुर्ची कलंडली. आप्पा मागच्या माणसांच्या मांडीवर आणि फेटा त्यांच्यापुढे. एवढ्यावर भागलं असतं. पण बायकांच्या बाजूने कोणीतरी खुदकन हसलं.

आप्पा उठले. उजव्या पायातला जोडा काढला आणि वाहरूला हाणायला सुरुवात केली. चुनीलालने पहिल्याच फटक्याला पकड सोडली आणि ओरडला, “आप्पा, खेळ चालू शे!” आप्पांना ऐकू गेलं नसावं. मी फटके मोजले. मोजणं हे पंचाचं काम आहे. सात झाले.

आणि वाहरूचा दम तुटला नाही. जोडा पडत होता आणि ‘हुतूतूतू’ चालूच होतं. दर फटक्याला आवाज थोडा चढायचा, एवढंच. सातव्या फटक्याला जोडा आप्पांच्या हातून निसटला. वाहरू रांगत, सरपटत निघाला आणि मधल्या रेषेवर हात टेकला. मगच श्वास घेतला. दोन गुण. सातपुडा संघ एका गुणाने विजयी.

शिट्टी माझ्या तोंडातच होती. ती वाजवायला श्वास लागतो. त्या वेळी मैदानात श्वास एकाच माणसाकडे होता आणि तो मी नव्हतो.

मग वाहरू उठला. मैदानात जोडा पडलेला दिसला. मी शिकवलं होतं तसं त्याने तो उचलला आणि न बघता बाहेर फेकला. तो रावसाहेबांच्या भज्यांच्या ताटलीत पडला.

“मारा!” कोणीतरी ओरडलं. लोक रेषा तुडवून आत घुसले. एवढी शिस्तीची मारामारी मी जन्मात पाहिली नव्हती. प्रत्येक मालक आपापला सालदार शोधून मारत होता. दुसऱ्याच्या सालदाराला कोणी बोट लावलं नाही. कारण त्यावरून उद्या मालका-मालकांत भांडण व्हायचं. एकाने चुकून शेजाऱ्याच्या माणसावर हात उगारला, तर लगेच “माफ करा हं, भाऊ” म्हणून आपल्याकडे वळला. रूपचंद पाटलांनी जामसिंगवर काठी उगारली. त्याने ती नुसती धरून ठेवली. पाटील ओढताहेत, हा धरून उभा. बऱ्याच वेळाने त्याने ती सोडली, तेव्हा पाटील मागच्या गुरांच्या हाळात बसले होते, पाण्यासकट.

घरी आलो. तापी बायकांच्या बाजूला होती, तिने सगळं पाहिलंय. “तुम्ही शिट्टी कसाले वाजाडी नही?”

“शिट्टीत धूळ गेली होती,” असं सांगितलं. काहीतरी सांगायला हवं होतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

प्रकरण तालुक्यापर्यंत गेलं. ‘खेळाडू व प्रेक्षक यांच्यातील हिंसाचार’ असं नाव देऊन चौकशी समिती नेमली आहे. अध्यक्ष रावसाहेब. सभासद पितांबर आप्पा, कारण त्यांना गावाची माहिती आहे. चिटणीस मी. म्हणजे ज्याच्या भज्यांत जोडा पडला तो अध्यक्ष, ज्याच्या पायातला होता तो सभासद, आणि ज्याने सगळं पाहिलं तो चिटणीस. यापेक्षा माहीतगार समिती मिळणं कठीण.

जोडा पुरावा म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या ताब्यात दिला आहे. आप्पा त्या दिवशी एका पायात जोडा आणि एक पाय मोकळा असे घरी गेले. अख्ख्या गावाने पाहिलं आणि कोणालाच दिसलं नाही. आता त्यांनी नवा जोडा करायला टाकलाय. जुन्यातला एक घरात पडून आहे म्हणे. दुसऱ्याची चौकशी त्यांना करता येत नाही, कारण चौकशी समितीत ते स्वतःच आहेत.

विजेत्या संघाची ढाल कोणालाच दिलेली नाही. निकाल चौकशीनंतर. वाहरू कापूस वेचतोच आहे. साल मध्येच सोडलं तर वर्षाची मेहनत जाते, तेव्हा आखाजीपर्यंत जाणार कुठे?

९ फेब्रुवारी, रविवार

आज जबान्या झाल्या. शाळेच्या वर्गात बाकांवर सातही सालदार ओळीने बसले होते. बाकावर बसायची सवय नसल्यामुळे पाय लोंबकळत होते. सगळे पाय अनवाणी, भेगाळलेले. ते बघून काहीतरी नोंदवून ठेवावं असं फार वाटलं. काय, ते काही केल्या सुचलं नाही.

प्रश्न आप्पांनी विचारले. “जोडा तुन्हाकडे कोठून उना?”

“वरतीन उना,” वाहरू म्हणाला.

मागे कोणीतरी हसलं. रावसाहेबांनी चष्मा काढला. “तुला मारलं कोणी?”

वाहरूने आप्पांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिला. मी कागदावर तारीख लिहीत होतो. “मन्हा मालकनी,” तो म्हणाला.

यावर तासभर चर्चा झाली. मालक त्या वेळी प्रेक्षक होता की मालक? रावसाहेबांचा निष्कर्ष मी जसाच्या तसा टिपून घेतला: ‘मालकाने सालदारास शिक्षा करणे ही घरगुती बाब असून तीस प्रेक्षकाने खेळाडूस केलेली मारहाण म्हणता येत नाही.’ बाकीच्या मालकांनीही हेच सांगितलं. ‘मी फक्त माझ्याच माणसाला मारलं, दुसऱ्याच्या नाही.’ सगळे साक्षीदार सारखंच बोलले, त्यामुळे काम सोपं झालं.

म्हणजे त्या दिवशी प्रेक्षकांनी कोणाही खेळाडूला मारलेलं नाही. राहिलं काय? एक, खेळाडूने प्रेक्षकांवर पादत्राण फेकलं. दोन, रूपचंद पाटील हाळात बसले. हिंसाचार तेवढाच.

मलाही विचारलं, शिट्टी का वाजली नाही. शिट्टीत धूळ गेली होती, हे मी सांगितलं. ते खरंच आहे. माघात धूळ असतेच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज चुलीपाशी विंचू निघाला. तापीने हाताला लागलं ते घेऊन त्याला ठेचलं. ते म्हणजे कपाटातला पुरावा. मी ओरडलो, सरकारी वस्तू आहे, डाग पडला!

“आज पहिलेदा बरा कामले उना हाऊ जोडा,” ती म्हणाली आणि तो पुसून परत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आप्पांनी चहाला बोलावलं. कपबशीतून दिला. एरवी मला पेल्यात मिळतो.

अडचण अशी होती. मारलं-फेकलं याचा निकाल लागला, पण सामना कोण जिंकलं हे पंचाच्या अहवालावर आहे. आणि पंच म्हणजे मी. वाहरूने दोघांना शिवलं, दम राखला, मधल्या रेषेवर हात टेकला. गुण त्याचेच होतात. मग ढाल सालदारांना, प्रमाणपत्रही त्यांनाच.

आप्पा शांतपणे म्हणाले, “मास्तर, माले एक सांगा. खुर्ची रेघना आत व्हती, का रेघ खुर्चीना बाहेर व्हती?”

मी म्हटलं, दोन्ही एकच झालं.

“एक कसं व्हई? खुर्ची तठेच ऱ्हास मन्ही, दरसाल. ध्वजना टाइमले, गणपतीना टाइमले. तुम्ही रेघ तिन्हा आतून काढाले पाहिजे व्हती. चुकी खुर्चीनी नही.” थोडं थांबून म्हणाले, “एप्रिलनी बैठकमा तुमनं नाव शे. मी इसरनू नही.”

घरी येऊन विचार केला आणि त्यांचं म्हणणं पटलं. खुर्ची आधीपासूनची, रेषा त्या दिवसापुरती. जी वस्तू कायम आहे तिला मान द्यायला हवा. अहवालासोबत मैदानाचा नकाशा जोडायचा होता. त्यात मी रेषा खुर्चीपाशी आणून हळूच आत वळवली आणि खुर्चीच्या पलीकडून पुन्हा सरळ केली. वळसा लहानसाच आहे, कागदावर बोराएवढा. पण त्यामुळे खुर्ची मैदानाबाहेर गेली, आणि खुर्चीला लागताक्षणी वाहरू बाद झाला. बाद झाल्यानंतर जे झालं, म्हणजे जोडा, सात फटके, न तुटलेला दम, ते खेळात धरतच नाहीत. सगळे प्रश्न एकदम सुटले. तरुण मंडळ विजयी. सातपुडा संघाला तीन वर्षं बंदी.

जीव हलका होईल असं वाटलं होतं. जेवण मात्र गेलं नाही. तापीने वांग्याचं भरीत केलं होतं, तेही उरलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चुनीलाल शाळेत येऊन भेटला. ढाल घ्यायला येणार नाही म्हणाला. “मास्तर, मी वाहरूले धरं तव्हय रेघ सरळ व्हती. मन्हा पाय तिन्हावर व्हता.”

मी त्याला समजावलं, तू तरुण आहेस, तुला नकाशे कळत नाहीत. तो माझ्याकडे पाहत राहिला. आजकाल सगळे माझ्याकडे पाहतच राहतात. ढाल शाळेच्या कपाटात ठेवली आहे, चॉकच्या पेट्यांमागे.

१० मार्च, सोमवार

सालदार होळीसाठी डोंगरात गेले होते, ते परतले. वाहरू वाटेत भेटला. होळीत नाचून पाय सुजलेत, पण चेहऱ्यावर तेज आहे. ढाल कोणाला, हे त्याने कधी विचारलं नाही. फक्त म्हणाला, “मास्तर, तो सहीना कागद?”

“काम चालू आहे,” मी म्हटलं.

“भरती मे महिनामा शे.”

“माहीत आहे रे मला!” उगीच ओरडलो. तो मुकाट्याने बाजूला झाला. मला त्याचा इतका राग का येतो, कळत नाही. त्याने माझं काय बिघडवलंय? हा प्रश्न मी दोनदा लिहिला आणि एकदा खोडला.

१३ एप्रिल, रविवार

कायम झालो! परवाच्या बैठकीत आप्पांनी स्वतः माझं नाव काढलं. हुकूम आखाजीला हातात मिळेल, चांगला मुहूर्त आहे म्हणून. त्याच बैठकीत आणखी एक ठराव झाला: यापुढे शाळेचं मैदान चौकशी अहवालाच्या नकाशाप्रमाणे आखावं.

म्हणजे तो बोराएवढा वळसा आता मला दरवर्षी फक्कीने मारावा लागणार. काल मारून पाहिला. सरळ दोरी धरून वळसा मारता येत नाही, हात मोकळाच फिरवावा लागतो. पोरांनी विचारलं, गुरुजी, इथे मैदान चेपलंय का? मी त्यांना पन्नास बैठका मारायला लावल्या.

तापीला बातमी सांगितली तेव्हा ती धान्य निवडत होती. “बरं शे,” म्हणाली.

आखाजी

आज सालदारांचं साल संपतं. सकाळी मालकांच्या ओट्यांवर गर्दी असते. जुने बांधले जातात, नवे ठरतात, नारळ फुटतात. आप्पांच्या ओट्यावर धोतर आणि नवा जोडा मांडून ठेवला होता. चांभाराने वाहरूच्या पायाचं माप घेऊन केलेला. मी तिथेच होतो, हुकुमासाठी.

वाहरू आला. आप्पांना हात जोडले. जोड्याकडे पाहिलंही नाही. “यंदा नही बांधी लेस, मालक,” एवढंच म्हणाला आणि उतरून गेला. मागोमाग बाकीच्या सहांनीही आपापल्या मालकांना तसंच सांगितलं. या लोकांना चामड्याची सवय होत नाही, असं मी आप्पांना म्हणालो. आप्पा हुकुमाचं विसरले असावेत, म्हणून मीही घरी आलो.

थोड्या वेळाने वाहरू माझ्या दारात. खांद्यावर घोंगडी आणि बोचकं. बाकीचे सहा समोर निंबाखाली उभे. मी त्याच्यासाठी कागद तयारच ठेवला होता, मी काही दगड नाही. सुरेख अक्षरात लिहिलं होतं, खाली सही.

“यामा काय लिखेल शे?”

“तू सामन्यांत भाग घेतलास, असं.”

“जितनू, असं नही?”

“नाही.”

त्याने कागद मशीनवर ठेवला. याच मशीनवर, ज्याच्या खणात ही डायरी असते. मग म्हणाला, “कागद ऱ्हाऊ द्या. एक सांगा. तुम्ही जवळच व्हतात. मन्हा दम तुटना व्हता का?”

मी दाराकडे पाहिलं. गल्लीत कोणी नव्हतं. हळूच म्हणालो, “नाही. नव्हता तुटला.”

त्याचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, संपलं आता, सुटलो. पण तो म्हणाला, “हाईच बाहेर ईसन सांगा ना, मास्तर. जामसिंग शे, सम्दा शेतस. तुमना तोंडतीन आयकू द्या त्यास्ले. मंग आम्ही जातस.”

मी उठलो. खरंच उठलो, उंबऱ्यापर्यंत गेलो. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला चुनीलाल येताना दिसला, हातात गाठोडं आणि वर पांढरा लखोटा. हुकूम! माझे पाय तिथेच थांबले. “ऊन फार झालंय, वाहरू,” मी म्हणालो.

तो मान हलवून निघाला.

तेव्हा तापी चुलीपासून उठली. पिठाचे हात तसेच. माझ्या बाजूने बाहेर गेली आणि भर गल्लीत, चारचौघांना ऐकू जाईल अशी ओरडली, “जामसिंग! याना दम तुटना नही व्हता! सात फटका खाईसन नही तुटना! मी देखेल शे, आनि आमना मास्तरनी बी देखेल शे!”

लाजेने मेल्यासारखं झालं. बाईमाणसाने असं रस्त्यावर बोलू नये, हे तिला शांतपणे सांगायचं ठरवलंय. ते सातही जण हसले, वाईट नाही, मोकळं हसले. मी दारातूनच विचारलं, “आता कुठे जाणार?”

“धुयाले, भरतीले,” वाहरू म्हणाला. “कागद नही ते नही. दम ते शे.”

गल्ली संपेपर्यंत त्यांच्यातलं कोणीतरी ‘हुतूतू’ म्हणत चाललं होतं. वळणाच्या पलीकडे गेल्यावरही ऐकू येत होतं. मध्ये तुटलं नाही.

चुनीलालने गाठोडं मशीनवर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “हुकूम शे. धोतर शे. आनि हाऊ जोडा. वाहरूकरता करेल व्हता, त्यानी लिना नही. आप्पा म्हने, मास्तरले बसी.”

हुकूम तीनदा वाचला. कायम. सही आप्पांची. घरच्या माणसांसारखं आखाजीला धोतर-जोडा देणं म्हणजे केवढा मान! तापी दारात उभी होती. म्हटलं, बघ तरी. जोडा घालून घरभर चाललो. जरा करकरतो, पण बोटभरही कमीजास्त नाही. जसं काही माझ्याच पायाचं माप घेतलेलं.

तापी पायांकडे पाहत होती. म्हणाली, “मंग आते पुढली आखाजीलगून ना?”

तिला हुकूम नीट कळलेला दिसत नाही. मी समजावून सांगितलं, पुढच्या आखाजीपर्यंत नव्हे गं, कायमचा.